वजन उचलण्यापूर्वी

भारोत्तोलनाच्या स्पर्धेत प्रेक्षकाला दिसतो तो चार मीटर लांबीरुंदीचा एक मंच, त्यावर ठेवलेला बार, आणि तळहातांना पांढरी पूड चोळीत पुढे येणारा एकच खेळाडू. नाव पुकारल्यापासून साठ सेकंदांच्या आत त्याने उचल सुरू केली पाहिजे. प्रत्यक्ष उचल त्याहूनही थोड्या वेळाची असते. स्नॅच या प्रकारात बार जमिनीवरून एका झेपेत डोक्यावर जातो. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर विसावतो व मग वर फेकला जातो. तीन पंचांचे दिवे पांढरे लागले की प्रयत्न यशस्वी, दोन लाल लागले की व्यर्थ. प्रत्येक प्रकारात अशा तीनच संधी मिळतात. परंतु या सहा क्षणांमागे, पडद्याआडच्या एका खोलीत, अर्ध्या-पाऊण तासाचे एक निराळेच काम चाललेले असते व ते प्रेक्षकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. अंग तापवणे, स्नायू जागे करणे आणि नेमक्या क्षणी खेळाडूला मंचावर आणून उभे करणे, हे ते काम होय. त्याला सर्वत्र वॉर्म-अप असेच म्हणतात. येथे सोयीसाठी त्यास पूर्वव्यायाम म्हणता येईल.

हे काम किती बारकाईने केले पाहिजे याची कल्पना येण्यास दोन निकाल पुरेसे आहेत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सांगलीच्या संकेत महादेव सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलले आणि त्या स्पर्धेतील भारताचे पहिले पदक मिळवले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूचे एकूण वजन २४९ किलो होते. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात, १३९ किलो उचलताना, संकेतच्या कोपराला इजा झाली आणि तिसरा प्रयत्नही साधला नाही. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मणिपूरच्या मीराबाई चानू हिने ४९ किलो गटात ८८ आणि १११ मिळून १९९ किलो उचलले. थायलंडच्या खेळाडूने २०० किलोंवर कांस्यपदक नेले, आणि तीन वर्षांपूर्वी टोकियोत २०२ किलोंवर रौप्यपदक जिंकणारी मीराबाई चौथी राहिली. या दोन्ही ठिकाणी पूर्वव्यायामात काही न्यून राहिले असे म्हणण्यास काडीचाही आधार नाही, व तसा तर्क कोणी करूही नये. ध्यानात घ्यावयाचे ते अंतर. दोनशे किलोंत एक किलो म्हणजे अर्धा टक्का. मोठ्या स्पर्धेतला जयपराजय इतक्या बारीक धाग्यावर लोंबकळत असतो. म्हणूनच उचलीपूर्वीची वीस मिनिटे कशी घालवावी हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही.

अंग तापवून मगच जोर करावेत हे आपल्याकडच्या तालमींत कोणी कोणाला शिकवावे लागत नसे. हौद्यातली माती खणून, उकरून, सारखी करता करता पठ्ठ्याच्या अंगाला घाम सुटे आणि मग वस्ताद त्याला लढतीस उभा करी. मातीही तयार होई आणि मल्लही. अनुभवाने पक्के केलेले हे शहाणपण शास्त्राच्या कसोटीला उतरते की नाही, याची पद्धतशीर पाहणी मात्र विसाव्या शतकात झाली, आणि गंमत अशी की प्रारंभी शास्त्रज्ञांचे एकमत होईना. १९४५ साली डेन्मार्कमधील आस्मुसेन आणि बॉये या दोघांनी असे दाखवले की स्नायूंचे तापमान वाढले की थोड्या वेळात करावयाचे जोराचे काम अधिक चांगले होते. उलट १९५६ साली अमेरिकेत कार्पोविच आणि हेल यांनी ४४० यार्ड धावणाऱ्यांची परीक्षा घेतली तेव्हा पूर्वव्यायामाने किंवा मालिशने वेळेत काही सुधारणा झाल्याचे त्यांना आढळले नाही.

हे कार्पोविच कोणी ऐरेगैरे नव्हते. वजने उचलल्याने स्नायू आखडतात व माणूस मंद होतो, हा समज त्या काळी व्यायामशिक्षकांतही रूढ होता. १९५१ साली झोर्बास या सहकाऱ्याबरोबर सहाशे माणसांच्या हातांचा वेग मोजून, वजने उचलणारेच अधिक चपळ असल्याचे कार्पोविच यांनीच सिद्ध केले होते. तेव्हा त्यांची शंका उडवून लावण्याजोगी नव्हती. व्यायाम केल्याने लाभ होतो, की व्यायाम केला आहे या जाणिवेने लाभ होतो, असा तो प्रश्न होता. १९६१ साली तर काही संशोधकांनी या जाणिवेलाच बाजूला सारण्यासाठी तरुणांना संमोहित केले, म्हणजे आपण अंग गरम केले आहे की नाही हे त्यांना स्वतःलाच कळू नये, आणि मग स्थिर सायकलीवर त्यांची कसोटी पाहिली. फरक आढळला नाही! युक्ती मोठी चतुर होती, परंतु संमोहित माणसाने सायकल मारणे आणि शुद्धीवरच्या माणसाने आपल्या वजनाच्या दुप्पट भार खांद्यांवर घेणे, या गोष्टींत अंतर आहे हे कोणालाही मान्य व्हावे.

पुढील वर्षांत मोजमापाची साधने सुधारली, स्नायूत बारीक सुई घालून तेथील तापमान थेट पाहता येऊ लागले, आणि वाद पुष्कळसा निवळला. विश्रांतीच्या वेळी मांडीच्या स्नायूंचे तापमान शरीराच्या गाभ्याहून थोडे कमी, म्हणजे सुमारे ३५ ते ३६ अंश सेल्सियस असते. व्यायाम सुरू केला की पहिल्या तीन ते पाच मिनिटांत ते झपाट्याने चढते आणि दहा ते वीस मिनिटांत एका पातळीवर येऊन स्थिरावते. १९७९ साली बर्ग व एकब्लोम या स्वीडिश संशोधकांनी दाखवले की ३० ते ३९ अंशांच्या मर्यादेत स्नायूंचे तापमान एका अंशाने वाढले तर उडी व वेगाने केलेल्या जोराच्या हालचाली यांत चार ते सहा टक्के वाढ होते. १९८७ साली सार्जंट याने माणसांचे पाय पाऊण तास गरम वा गार पाण्यात बुडवून ठेवले आणि नंतर सायकलीवर त्यांची शक्ती मोजली. ऊन पाण्यातून निघालेल्या पायांची शक्ती सुमारे अकरा टक्क्यांनी वाढली; अगदी थंड पाण्यातून निघालेल्यांची वीस टक्क्यांहून अधिक घटली. यावरून एक गोष्ट निःसंशय ठरते. येथे व्यायाम असा काही नव्हताच, केवळ ऊब होती. तेव्हा लाभाचा मोठा भाग उबेचाच आहे.

सार्जंटच्या प्रयोगातली दुसरी गोष्ट भारोत्तोलनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. हालचाल जितकी वेगवान तितका उबेचा परिणाम मोठा, असे त्यात दिसले. पायटे सावकाश फिरत असताना दर अंशामागे सुमारे दोन टक्के, तर अतिशय वेगाने फिरत असताना सुमारे दहा टक्के. न हलणाऱ्या वस्तूवर नुसता जोर लावावयाचा असेल तर ऊब फारशी कामास येत नाही. याचे कारण स्नायूच्या रचनेत आहे. स्नायूतील सूक्ष्म तंतू परस्परांना धरून ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. ही धरसोड ज्या रासायनिक क्रियेवर चालते तिचा वेग उष्णतेने वाढतो. मज्जातंतूंतून जाणारा संदेशही उबेत अधिक जलद धावतो. म्हणजे ऊब बळापेक्षा वेगाला अधिक साहाय्य करते.

आणि भारोत्तोलन हा लोक समजतात तसा केवळ बळाचा खेळ नाही. तो वेगाचाही खेळ आहे. स्नॅचमध्ये बार मांडीच्या वरच्या भागाशी आला की खेळाडू सर्व शरीर एका झटक्यात ताणतो. हा निर्णायक झटका सेकंदाच्या एकपंचमांश भागाहूनही कमी वेळात आटोपतो, आणि त्यानंतर लगेच वर निघालेल्या बारच्या खाली त्याला स्वतःला झोकून द्यावे लागते. येथे सेकंदाच्या शतांशांचा हिशेब आहे. थंड स्नायूंनी ओझे ओढता येईल, पण स्नॅच साधेलच असे नाही.

एवढे कळल्यावर व्यवहारातला प्रश्न उरतो, की ऊब आणावी कशी आणि किती? साधारणतः पूर्वव्यायामाचे दोन भाग मानले जातात. पहिला सर्वसामान्य, म्हणजे हलके धावणे, दोरीवरच्या उड्या, स्थिर सायकल. दुसरा विशिष्ट, म्हणजे ज्या प्रकारची उचल करावयाची तिचीच कमी वजनाने आवृत्ती. अनेक खेळाडू पहिला भाग टाळून एकदम मोकळ्या बारकडे वळतात. ब्राझीलमधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत सोळा सरावलेल्या माणसांची परीक्षा झाली. पायांनी वजन ढकलण्याच्या यंत्रावर, वीस मिनिटांच्या हलक्या सायकलिंगनंतर विशिष्ट पूर्वव्यायाम केला तेव्हा त्यांची सर्वोच्च उचल केवळ विशिष्ट व्यायाम केल्यानंतरच्या उचलीपेक्षा सरासरी ८.४ टक्क्यांनी अधिक भरली. त्याच मंडळींनी पुढे असेही दाखवले की पंधरा मिनिटांचे हलके सायकलिंग हितकारक ठरते, पण तितकाच वेळ ते जोराने केले तर बळ उलट घटते. ऊब हवी, थकवा नको.

ही ८.४ टक्क्यांची संख्या मात्र जशीच्या तशी स्पर्धेच्या मंचावर आणणे भोळेपणाचे होईल. तसे असते तर दोनशे किलो उचलणाऱ्या खेळाडूने नुसती सायकल फिरवून आणखी सोळा किलो मिळवले असते आणि जगातले सर्व विक्रम सायकलवाल्यांच्या नावे लागले असते. यंत्रावर पायांनी वजन ढकलणे ही सरळ, ठरलेल्या मार्गाची हालचाल आहे. शिवाय भारोत्तोलक मोकळ्या बारपासून चढत जाताना ज्या सात-आठ पायऱ्या घेतो त्यांतच त्याच्या अंगाला पुष्कळ ऊब येऊन गेलेली असते. सर्वसामान्य भागाचा खरा उपयोग या पायऱ्या सोप्या होण्यात आहे, विशेषतः सकाळच्या स्पर्धेत, कारण शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी व सायंकाळी सर्वांत अधिक असते. हवामानाचाही विचार हवाच. जानेवारीतल्या पतियाळाच्या थंडीत सराव करणाऱ्या खेळाडूला जो क्रम मानवेल तोच मे महिन्यातल्या चेन्नईत त्याला घामाघूम करून दमवील. परदेशी पुस्तकांतली कोष्टके आपल्या देशात डोळे मिटून लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

अंग ताणण्याविषयीच्या कल्पनाही गेल्या काही दशकांत पालटल्या. पूर्वी कोणत्याही मैदानात जावे तर खेळाडू एक पाय पुढे टाकून, शरीर ताणून, मिनिटभर तसेच स्तब्ध उभे राहिलेले दिसत. पुढे शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका मोठ्या परामर्शात, स्थिर ताणामुळे त्यानंतर लगेचची कामगिरी सरासरी ३.७ टक्क्यांनी घटते आणि हालचालीतून दिलेल्या ताणामुळे ती १.३ टक्क्यांनी वाढते, असे आढळले. परंतु येथे वेळेचा मुद्दा कळीचा आहे. एका स्नायूला साठ सेकंद किंवा अधिक काळ ताणून धरले तर घट ४.६ टक्के, त्याहून कमी काळ धरले तर केवळ १.१ टक्का, आणि तीही पुढच्या व्यायामात भरून निघण्याचा पुष्कळ संभव. भारोत्तोलकाला घोट्यांत, मनगटांत आणि खांद्यांत विलक्षण लवचीकपणा लागतो. खोल बैठकीत डोक्यावर वजन धरताना खांदा अडला तर बार पुढे पडतो. म्हणून त्याने ताणूच नये असे नव्हे. अडणारा सांधा दहा-पंधरा सेकंद ताणावा, मोकळ्या बारने बैठका घ्याव्यात आणि मांड्यांना मिनिट-मिनिट ताणून निजवू नये, इतकाच त्याचा अर्थ.

याहून अधिक कुतूहल वाटावे अशी एक बाब आहे. जड काम केल्यानंतर काही वेळ स्नायू नेहमीपेक्षा अधिक तत्पर राहतो. जड वस्तू हातात घेऊन खाली ठेवली की हलकी वस्तू अगदीच हलकी वाटते, हा अनुभव सर्वांचा आहे; पण येथे केवळ भास नाही. आकुंचनानंतर स्नायूतील एका प्रथिनात रासायनिक बदल होतो आणि तंतूंची धरसोड सुलभ होते. हा बदल फार लवकर विरतो. अर्ध्या मिनिटात त्याचा सुमारे निम्मा भाग नाहीसा होतो. प्रयोगांत मात्र असे दिसते की जड उचलीचा प्रत्यक्ष लाभ लगेच मिळत नाही, पाच-सात मिनिटांनी, कित्येकदा दहा मिनिटांनी मिळतो. दोहोंचा मेळ बसत नाही. म्हणून अलीकडचे अभ्यासक म्हणतात की उशिरा मिळणारा लाभ या रासायनिक बदलाचा नसून पुन्हा उबेचाच, व स्नायूंत ओढले गेलेले पाणी, वाढलेली मज्जाप्रेरणा यांचा असावा. कारण काहीही असो, व्यवहारात एक तराजू उभा राहतो. जड उचलीने तत्परता येते तसा शीणही येतो. शीण लवकर उतरतो व तत्परता थोडी रेंगाळते, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत खेळाडूला गाठायचे असते. बलवान व सरावलेल्या माणसांना ही फट अधिक स्पष्ट सापडते. नवशिक्यांत शीणच वरचढ ठरतो.

शिणाचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. अशा क्षणिक, पराकाष्ठेच्या कामाला स्नायू जो साठवलेला रासायनिक इंधनसंचय वापरतो तो अर्ध्या मिनिटात सुमारे निम्मा भरून येतो, पण जवळजवळ पूर्ण भरण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. दोन उचलींमध्ये अडीच-तीन मिनिटांचे अंतर ठेवण्याचा जो प्रघात प्रशिक्षकांत आहे तो या शोधाच्या पुष्कळ आधीचा. शास्त्राने त्याला नंतर येऊन दुजोरा दिला इतकेच.

आता त्या पडद्यामागच्या खोलीत जाऊ या, कारण वरील सर्व ज्ञान तेथे एका विचित्र अडचणीत सापडते. धावपटूला आपली शर्यत किती वाजता सुटणार हे ठाऊक असते. भारोत्तोलकाला ते ठाऊक नसते. या खेळाचा नियम असा की बारवरील वजन चढतच जाते, कधी उतरत नाही. ज्याने कमी वजन मागितले तो आधी उचलतो. तेव्हा आपली पाळी केव्हा येणार हे इतर खेळाडू किती मागतात, किती वेळा चुकतात आणि आपला विचार किती वेळा बदलतात यावर अवलंबून राहते.

समजा, एका खेळाडूने स्नॅचचा पहिला प्रयत्न ८५ किलोंवर सांगितला आहे. स्त्रियांचा बार १५ किलोंचा असतो; त्यावर काही मोकळ्या आवृत्त्या करून ती ४० किलोंवर तीन, ५० वर दोन, ६० वर दोन, मग ६८, ७५ आणि ८० अशा एकेकट्या उचली करील. शेवटची उचल पहिल्या प्रयत्नाच्या नव्वद ते पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास असावी असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रशिक्षक हा जिना वरून खाली मोजतो. मंचावरील एका प्रयत्नाला सुमारे एक मिनिट धरले तर तीन प्रयत्नांमागे आतल्या खोलीत एक उचल बसते. शेवटची उचल मंचावर जाण्याच्या तीन प्रयत्न आधी, त्यापूर्वीची सहा प्रयत्न आधी, असे मागे मागे जात तो पहिल्या पायरीची वेळ ठरवतो. भिंतीवरच्या फलकाकडे डोळे लावून, हातातल्या कागदावर रेघा ओढीत बसलेला हा माणूस दुरून पाहणाऱ्याला एखाद्या पेढीवरच्या कारकुनासारखा दिसतो.

परंतु फलक स्थिर राहत नाही. प्रत्येक प्रयत्नासाठी वजन सांगितल्यानंतर त्यात दोनदा बदल करण्याची मुभा असते. ८३ आणि ८४ किलो सांगितलेल्या दोघी प्रतिस्पर्धी एकदम ८६ वर गेल्या, की नऊ प्रयत्न दूर वाटणारी पाळी पाचांवर येते. आत अजून ७५ आणि ८० या दोन पायऱ्या उरलेल्या! आता प्रशिक्षकाने काय करावे? एक पायरी गाळावी, की आपलेही वजन एका किलोने वाढवून वेळ विकत घ्यावा? उलट एखादी खेळाडू ८४ किलोंवर चुकली आणि तेच वजन पुन्हा मागितले, तर लागोपाठ प्रयत्न करणाऱ्याला दोन मिनिटे मिळत असल्याने थांबणे लांबते. दोघी-तिघी अशा चुकल्या तर तापलेले अंग तसेच निवत बसते. मग ७० किलोंवर आणखी एक हलकी उचल किंवा जड वजनाची नुसती अर्धी ओढ करवून घ्यावी लागते. कित्येक प्रशिक्षक हे डाव जाणूनबुजून खेळतात. शेवटच्या घटकेला वजन बदलून प्रतिस्पर्ध्याला एक तर थंड करावयाचे, नाही तर धापा टाकीत मंचावर बोलावून घ्यावयाचे. २००५ पर्यंत खेळाडूच्या दोन प्रयत्नांत निदान अडीच किलोंची वाढ आवश्यक असे. त्या वर्षी एका किलोची वाढ मान्य झाली आणि या बुद्धिबळातल्या घरांची संख्या वाढली. याला कोणी लबाडी म्हणेल. नियमांत बसते तोवर ती चातुर्याची गोष्ट मानली जाते.

अशा वेळी खुर्चीत बसलेल्या खेळाडूच्या पायांवर घोंगडी किंवा जाड पायजमा का असतो, हे आता सहज कळेल. व्यायाम थांबला की स्नायूंचे तापमान उतरू लागते, आणि आधुनिक क्रीडागृहांतली वातानुकूलित हवा ते काम आणखी लवकर करते. इंग्लंडमध्ये सायकलपटूंवर केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्वव्यायामानंतर अर्धा तास विजेने तापणारी विजार घालून बसलेल्यांची सर्वोच्च शक्ती साध्या कपड्यांत बसलेल्यांपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी अधिक भरली. इतकी महागडी विजार प्रत्येकाला परवडणार नाही. पण घोंगडीला काही खर्च नाही, आणि प्रशिक्षकाने पोटऱ्या-मांड्या चोळण्यालाही नाही. मंचावर पाऊल टाकण्यापूर्वी नाकाशी धरल्या जाणाऱ्या नवसागराच्या उग्र कुपीची गोष्ट निराळी. डोळ्यांत पाणी येते, मस्तक खडबडून जागे होते, खेळाडूला वीरश्री चढते. पण तिने सर्वोच्च बळ वाढते असे प्रयोगांत दिसून आलेले नाही.

एक शंका येथे रास्त आहे. इतके प्रयोग झाले असताना, भारोत्तोलकाने नेमका कोणता क्रम धरावा हे शास्त्र छातीठोकपणे का सांगत नाही? एक तर बहुतेक प्रयोग विद्यार्थ्यांवर, सायकलींवर, उड्यांवर आणि यंत्रांवर झालेले आहेत. अव्वल दर्जाचे भारोत्तोलक मुळात थोडे, आणि ऐन स्पर्धेत आपल्यावर प्रयोग करू देणारे त्याहून थोडे. दुसरे, प्रयोगात दहा-पंधरा माणसे घेतली तर त्यांच्या रोजच्या कामगिरीतच दोन-तीन टक्के चढउतार असतो. त्या गलबल्यात अर्ध्या टक्क्याचा फरक ऐकू येणे दुरापास्त आहे, आणि पॅरिसचे कांस्यपदक तर अर्ध्या टक्क्याचेच होते. प्रयोगशाळा मोठ्या चुका दाखवून देऊ शकते. थंड अंगाने उतरू नये, मिनिटभराचे ताण देऊ नयेत, दमेपर्यंत तापू नये, तापल्यावर उघडे बसू नये, इतके तिने निश्चित सांगितले आहे. त्यापुढचे बारकावे ज्याचे त्याने शोधावयाचे असतात.

त्यात खेळाडूच्या स्वभावाचाही भाग येतो. एखाद्याला आत एक उचल चुकली तर मंचावर पाय लटपटतात. त्याचा जिना थोडा उतरता ठेवावा लागतो. दुसऱ्याला शेवटची उचल पहिल्या प्रयत्नाइतकी जड झाल्याखेरीज धीर येत नाही. प्रत्येक पायरी ही जशी स्नायूंना ऊब देते तशी हालचालीची आठवणही ताजी करते. बार शरीराला किती लगटून गेला, टाच केव्हा उचलली, खाली बसण्यास उशीर झाला काय, हे खेळाडू त्या हलक्या वजनांवरच चाचपून घेतो. म्हणून चांगला प्रशिक्षक मोकळ्या बारची आवृत्तीही ऐंशी किलोंइतक्याच गांभीर्याने करवून घेतो.

स्नॅच आटोपल्यावर दहा मिनिटांची विश्रांती असते आणि मग क्लीन अँड जर्कची फेरी सुरू होते. पूर्वी प्रेस नावाचा तिसरा प्रकारही असे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो काढून टाकण्यात आला, आणि खेळाडूंच्या अंगावरचा एक तृतीयांश भार हलका झाला. या मधल्या वेळात पूर्वव्यायाम पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही. अंग तापलेलेच असते. तेव्हा मोकळ्या बारच्या एक-दोन आवृत्त्या, मग मोठ्या उड्या घेत चार-पाच उचली, इतके पुरते. ज्याच्या स्नॅचचे तीनही प्रयत्न फेरीच्या आरंभीच संपले त्याला मात्र दहाऐवजी कदाचित पंचवीस-तीस मिनिटे थांबावे लागते, आणि त्याचा जिना दोन पायऱ्या लांब होतो. जर्कमध्ये वजन मोठे, म्हणून प्रत्येक उचलीचा शीणही मोठा. येथे पुष्कळ प्रशिक्षक आतल्या खोलीत बार खांद्यांवर घेऊन तेथेच ठेवून देण्यास सांगतात आणि वर फेकण्याची आवृत्ती एक-दोनदाच करवून घेतात.

हे सर्व ते एका वहीत टिपून ठेवतात. कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, हवा कशी होती, किती पायऱ्या घेतल्या, शेवटची उचल आणि पहिला प्रयत्न यांत किती मिनिटे गेली, आणि मंचावर काय झाले. दहा-वीस स्पर्धांनंतर अशा वहीतून त्या एका खेळाडूपुरते जे उमगते ते कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. पुढच्या स्पर्धेच्या दिवशी, वजने करून झाल्यावर मिळणाऱ्या त्या तासाभरात, प्रशिक्षक ती वही उघडतो, फलकावरची नावे व आकडे उतरून घेतो आणि पहिली रेघ ओढतो.